कॅन्सर झालेली किशोरवयीन मुलं: त्यांना काय सोसावं लागतं, आणि आपण त्यांचं किती ऐकतो?

वहीपेन (धागाकर्ती)

कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या शाळकरी मुलांना मी दवाखान्यात जाऊन गणित आणि विज्ञान शिकवते. बुडालेला अभ्यास जमेल तितका भरून काढायचा, एवढंच माझं काम. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. पण समीकरण अर्धवट ठेवून मुलं मधेच भलतंच काही बोलायला लागतात, आणि तेव्हा ऐकायला दुसरं कोणी नसतं. तेरा ते एकोणीस वयाची मुलं तर फारच. त्यांच्याबद्दल मोकळेपणाने बोलता यावं म्हणून हा धागा.

लहान बाळाला कॅन्सर झाला की सगळ्यांचा जीव कळवळतो. मोठ्या माणसाला झाला की चारजण भेटायला येतात, बोलतात. ही मधली मुलं मात्र कुठेच बसत नाहीत, अगदी दवाखान्यातसुद्धा. एक तर भिंतींवर ससे आणि हत्ती रंगवलेल्या वॉर्डात पाय पलंगाबाहेर काढून झोपायचं, नाहीतर आजोबांच्या वयाच्या रुग्णांमध्ये. खास या वयासाठी वेगळा विभाग असावा हे सुचायलाही फार वेळ गेला. 'टीनेज कॅन्सर ट्रस्ट' या ब्रिटिश संस्थेने लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये असा पहिला विभाग सुरू केला तो १९९० साली. त्याआधी कित्येक दशकं केमो दिली जात होतीच!

त्यांचं दुखणं लक्षात यायलाही उशीर होतो. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास, म्हणजे उंची झपाट्याने वाढवणाऱ्या हाडांत होतो, आणि तोही नेमका उंची वाढण्याच्या वयात. मुलगा म्हणतो गुडघा दुखतोय, आपण म्हणतो खेळताना लागलं असेल. मुलगी सारखी झोपते, तर ती आळशी झाली. वजन उतरलं, तर डाएटचं खूळ. रात्री दुखण्याने जाग येत असेल, सूज असेल, आठवडे गेले तरी दुखणं हटत नसेल, मानेतली गाठ जात नसेल तर कृपया डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा काही निघत नाही. पण दाखवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना दरवर्षी कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. ही दरी भयंकर आहे आणि तिच्यावर वेगळा धागा व्हायला हवा. इथे मला बोलायचंय ते उपचार चालू असताना या मुलांवर काय गुदरतं याबद्दल. माझं मत आधीच सांगून टाकते. त्यांचा निम्मा त्रास औषधांचा असतो, आणि उरलेला त्यांना काहीच विचारलं जात नाही याचा. शरीर त्यांचं आणि बोलणारे बाकी सगळे!

ज्यांनी हे जवळून पाहिलंय, सोसलंय, त्यांनी लिहावं ही विनंती.

अंगणवेल

वहीपेन, धागा काढलात म्हणून आभार. माझ्या मुलाला चौदाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर (एएलएल) निघाला. दवाखान्यात राहण्याचा मोठा टप्पा संपलाय, आता मेंटेनन्स (आजार परत उलटू नये म्हणूनचे लांबणारे उपचार) चालू आहे. दोन-तीन वर्षं हा उपचार चालतो हे पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा डोक्यात शिरलंच नव्हतं.

सगळे उलट्यांबद्दल विचारतात. उलट्यांवर आता चांगली औषधं आहेत हो. स्टिरॉइडबद्दल कोणी विचारत नाही. डेक्सा (हेच ते स्टिरॉइड) चालू असलेल्या दिवसांत माझा मुलगा माझा राहत नाही. मध्यरात्री भुकेने उठून बसतो, पोट भरलं तरी भूक जात नाही, आणि जेवण यायला पाच मिनिटं लागली तर ताट फेकतो. नंतर स्वतःच रडतो, "मी असा नाहीये गं." तोंड गोल फुगलेलं, पोटावर आणि मांड्यांवर जांभळे ओरखडे उमटावेत तसे पट्टे. घरातला बेसिनवरचा आरसा त्याने काढून ठेवायला लावला. वर्गातल्या मुलांनी व्हिडिओ कॉल केला की कॅमेरा बंद करून बोलायचा, पुढे पुढे कॉल घेणंच थांबवलं.

विन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाने नसांवर परिणाम होतो. पावलं वर उचलली जाईनात, चालताना फटक फटक आवाज यायचा. शर्टाची बटणं लावता येईनात. चौदा वर्षांच्या मुलाला आईकडून बटणं लावून घ्यायची म्हणजे काय वाटत असेल? तो भिंतीकडे बघत उभा राहायचा.

आता मुख्य प्रश्न. त्याच्या पँटच्या खिशात मला गोळ्या सापडल्या. रोजची सिक्स-एमपी, मेंटेनन्समधली केमोची गोळी. विचारलं तर म्हणाला, "घेतली की आठवतं की मी आजारी आहे. एरवी मी विसरलेला असतो." रागवावं की काय करावं कळत नाहीये.

पायवाट

अंगणवेल, रागवू नका. पण सोडूनही देऊ नका. यावर कोणी जाणकार लिहितीलच.

मला सोळाव्या वर्षी ऑस्टिओसार्कोमा झाला. उजवा पाय मांडीतून काढला. आज तिशी ओलांडली आहे, नोकरी करतो, कृत्रिम पायावर चालतो. हे आधी सांगितलं कारण पुढचं वाचून कोणी घाबरू नये.

पाय गेल्यावर पायच दुखतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नसलेल्या पायाची बोटं कोणीतरी पिरगळतंय असं रात्री वाटायचं. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला, म्हणून आठवडाभर कोणाला बोललोच नाही. शेवटी ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनी सहज विचारलं, "अंगठा खाजतो का?" मी हो म्हणालो आणि रडायलाच लागलो. मेंदूकडे त्या पायाचा नकाशा अजून तसाच असतो, हे खूपजणांना होतं, यावर औषधं आहेत, आरसा समोर ठेवून करायचे व्यायाम आहेत, हे सगळं त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं. ऑपरेशनच्या आधीच सांगितलं असतं तर?

केमोतलं लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) सगळ्यांना माहीत असेल. लघवी लाल होते, पहिल्यांदा बघून मी हादरलो होतो. सिस्प्लॅटिन या केमोच्या दुसऱ्या औषधाने उंच पट्टीचं ऐकू येणं कमी झालं. गोंगाटात लोक काय बोलतात ते कळत नाही, मग मी नुसता हसून मान हलवतो. मी माणूसघाणा झालो असं घरच्यांना वाटायचं. आणि स्पिरिटच्या बोळ्याचा वास! केमोच्या दिवशी सुई टोचायच्या आधीच, दवाखान्याच्या लिफ्टमध्येच ओकारी यायची. हे नाटक नसतं. शरीर वास लक्षात ठेवतं. याला नाव आहे, उपाय आहेत. आदल्या रात्रीपासून गोळी सुरू केल्यावर मला बराच फरक पडला.

सगळ्यात जड गेली ती शाबासकी. येणारा प्रत्येकजण "किती धीराचा आहेस" म्हणायचा. असं चारचौघांनी म्हटल्यावर रडायचं कधी? टेरी फॉक्सचं उदाहरण तर मला इतक्यांनी दिलं! त्याचा मला मनापासून आदर आहे. कॅनडाचा हा मुलगा, १९७७ मध्ये माझ्यासारखाच पाय गेला, आणि १९८० मध्ये एका पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. पण तो कशासाठी धावला ते कोणी सांगत नाही. वॉर्डात इतरांचे, त्यातही तरुण मुलांचे हाल बघून त्याला राहवलं नाही, म्हणून संशोधनासाठी पैसे उभे करायला धावला. कॅन्सर फुप्फुसांत पसरल्यावर त्याला थांबावं लागलं, आणि पुढच्या वर्षी बाविसाव्या वर्षी तो गेला. त्याने त्रास झाकला नव्हता. त्रास दिसावा म्हणूनच तो रस्त्यावर आला होता.

रात्रपाळी

परिचारिका आहे. या वयाच्या मुलांसोबत बरीच वर्षं रात्रपाळ्या केल्यात. वर सगळ्यांनी लिहिलेलं खरं आहे, थोडी भर घालते.

मुलं दुखणं लपवतात. दिवसा आईसमोर "दहापैकी दोन" म्हणणारी मुलगी रात्री आई झोपली की मला "आठ" सांगते. का गं लपवलंस विचारलं तर म्हणते, "आई खचते." पालकांनो, दुखण्याचा आकडा मुलाला एकट्याला विचारू द्या. आणि मॉर्फिनच्या नावाने घाबरू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्याच्या मापाने दिलेलं मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. दुखणं उतरलं की डोसही हळूहळू उतरवतात. मूल रात्रभर तळमळतं आणि घरचे "सवय लागेल" म्हणून औषध नको म्हणतात, हे बघवत नाही.

तोंड येणं म्हणजे साधे छाले नव्हेत. ओठांपासून घशाच्या आतपर्यंत सोलवटून निघतं, थुंकी गिळता येत नाही. त्या दिवसांत "दोन घास तरी खा" असा आग्रह म्हणजे छळ होतो. सलाइन असतं, नळीतून अन्न देता येतं, मूल उपाशी मरत नाही.

लाजेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला बेडपॅन द्यायचं, राउंडला आठ-दहा जणांसमोर चादर दूर करायची, आणि तेही न विचारता. मी आधी पडदा ओढते, मग त्यालाच विचारते, खोलीत कोणी थांबायचं? प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी पडल्या की मुलींना पाळीत रक्तस्राव थांबत नाही, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या द्याव्या लागतात. हे बाबांसमोर मोठ्याने बोललं जातं तेव्हा ती चादरीत तोंड घालते. मुलांचं वेगळंच. नुकतं मिसरूड फुटलेलं असतं, ते डोक्याच्या केसांबरोबर जातं. एकाने मला हळूच विचारलं होतं, परत येईल ना? येतं. केमो संपल्यावर केस काही महिन्यांत येऊ लागतात, कधी पोत बदललेला असतो. दाढी करायची असेल तर काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) कमी असताना ब्लेड नको, ट्रिमर वापरायचा, इतकं साधं सांगणाराही कोणी नसतो.

रात्री दोन-तीनच्या सुमाराला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "हे माझ्यामुळे झालं का?" कोणाला वाटतं फोन उशाशी ठेवल्यामुळे, कोणाला आईशी भांडल्यामुळे, कोणी चोरून सिगरेट ओढलेली असते ती आठवते. या वयातल्या बहुतेक कॅन्सरना मुलाने केलेली कुठलीही गोष्ट कारण नसते. त्यांनी विचारलं नाही तरी हे सांगा. एकदा सांगून पुरत नाही.

आणि ताप. काउंट पडलेले असताना ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप गेला तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी दवाखाना. थोडा ताप आहे, झोपू द्या, असं करू नका.

धाकटी

मी बहीण आहे. दादाच्या आजारपणात मी अकरा वर्षांची होते. मला कोणी काही सांगितलं नाही, शेजाऱ्यांकडे झोपायला पाठवायचे. मला वाटायचं माझ्या सर्दीमुळे तो परत ॲडमिट झाला. भावंडांनाही सांगा, एवढंच.

जुनेजाणते

सगळं वाचलं, मन सुन्न झालं. पण एक विचारतो, राग मानू नये. मुलांना आजाराचं नाव, धोका, हे सगळं सांगायलाच हवं का? आमच्या नात्यातल्या एका मुलीला शेवटपर्यंत "रक्तात जंतू झालेत" असंच सांगितलं होतं. ती हसतखेळत होती. आशा असली की माणूस तग धरतो. मोठ्यांनी ओझं उचलायचं, मुलांनी खेळायचं.

वहीपेन

काका, राग मुळीच नाही. तुमच्यासारखा विचार बहुतेक घरांत असतो आणि तो मायेपोटीच असतो. पण मुलांना कळत नाही हे खरं नाही. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डात अगदी लहान मुलांसोबत बराच काळ काढला. कोणी काही सांगितलेलं नसताना त्या मुलांना स्वतःच्या आजाराचं सगळं माहीत होतं, मरणार हेसुद्धा. आणि आपल्याला कळलंय हे मोठ्यांना कळू नये याची काळजी ती मुलंच घेत होती! हे दहा वर्षांखालच्या मुलांचं. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात तर फोन आहे. औषधाच्या पिशवीवरचं नाव वाचायला आणि शोधायला त्याला अर्धा मिनिट लागतो. जे सापडतं ते मग एकट्यानेच, पांघरुणात वाचतो.

ती मुलगी हसतखेळत होती म्हणता. कोणासाठी, हा विचार माझ्या मनात येतो.

सांजवात

जुनेजाणते, मी आजवर इथे नुसता वाचक होतो. तुमच्या प्रश्नामुळे लिहितोय.

माझी मुलगी इविंग सार्कोमाने (हाडांत होणारा एक कॅन्सर) गेली. सतरा वर्षांची होती. पहिल्या उपचारानंतर आजार उलटला, फुप्फुसांत. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूच्या खोलीत बोलावून सांगितलं. बाहेर येताना आम्ही तोंडं धुतली, हसरे चेहरे केले आणि तिच्याजवळ जाऊन बसलो. ती चित्र काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही दोघं माझ्यासमोर रडत नाही. मग मी कोणासमोर रडायचं?"

त्यानंतर आम्ही लपवलं नाही. ते दिवस सोपे झाले असं म्हणणार नाही. पण तिचे झाले. कुठलं औषध घ्यायचं आणि कुठलं नको, यात तिचं मत घेतलं जाऊ लागलं. आणखी एक केमो देऊन बघता येईल असं निघालं तेव्हा तिने डॉक्टरांना विचारलं, "याने मी बरी होईन का, की फक्त दवाखान्यात जास्त राहीन?" त्यांनी खरं उत्तर दिलं. तिने घरी राहायचं ठरवलं. दुखणं आटोक्यात ठेवणाऱ्या टीमची गाठ घालून दिली गेली, आणि ती टीम खरं तर पहिल्या दिवसापासून हवी होती असं आज वाटतं. अशी त्रास कमी करणारी (पॅलिएटिव्ह) मदत घेणं म्हणजे हात वर करणं नव्हे, बरं करण्याच्या उपचारांसोबतही ती मिळू शकते. तिची चित्रं कोणाला द्यायची त्याची यादी तिने स्वतः केली. तिच्या मैत्रिणीशी तिचं भांडण होतं, तिला बोलावून घेतलं. दार लावून दोघी दुपारभर बोलत होत्या. काय बोलल्या ते आम्हाला आजही माहीत नाही, आणि ते तसंच बरं आहे.

स्वीडनमध्ये कॅन्सरने मूल गेलेल्या पालकांचा एक अभ्यास झाला होता, २००४ मध्ये छापून आला. मुलाशी मरणाबद्दल बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना होता. ती गेल्यावर मी हे वाचलं.

आशेचं म्हणाल तर आशा संपली नाही. तिची जागा बदलली. आधी बरं होण्याची होती, मग पुढचा महिना घरी काढण्याची, मग एका रात्रीच्या शांत झोपेची.

जुनेजाणते

सांजवात, हात जोडतो. माझा मुद्दा मी मागे घेतो असं नाही म्हणत, अजून विचार करतोय. पण तुमचं लिहिणं विसरणार नाही.

तिसरी_खिडकी

मी सतरा वर्षांची आहे. हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर), केमो चालू आहे. मावशीने ही लिंक दिली. सगळं वाचलं. मलाही थोडं लिहायचंय.

डोक्याचे केस जाणार हे सगळे सांगतात. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी उशीवर पुंजके दिसायला लागतात, ते मी धरून चालले होते. भुवया आणि पापण्याही जातात हे कोणी नाही सांगत. डोक्याला स्कार्फ बांधता येतो, भुवयांचं काय करणार? पापण्या नसल्या की डोळ्यांत सारखं काहीतरी जातं. आरशात मी आजारी दिसत नाही, मी कोणीच दिसत नाही.

थकवा म्हणजे झोप येणं नाही. दहा तास झोपून उठले तरी दात घासून परत बसावं लागतं. फिजिओ ताई रोज थोडं चालायला लावते. मला तिचा राग यायचा, पण न चालले तर जास्त थकायला होतं हे आता कळलंय.

वाचलेलं लक्षात राहत नाही. एकच पान चार वेळा. मी वर्गात पहिल्या पाचात असायचे.

मैत्रिणी वाईट नाहीत. त्यांच्या ग्रुपवर ट्रिपचं ठरतं आणि मी वाचते म्हणून कोणीतरी लिहितं "अगं ती वाचतेय" आणि सगळे गप्प. मग दुसरा ग्रुप झाला. मला माहीत आहे झालाय.

स्कॅनच्या आधीचा आठवडा सगळ्यात वाईट. घरात सगळे माझ्याशी खूप गोड वागतात आणि त्यामुळे जास्त भीती वाटते.

"पॉझिटिव्ह राहा, पॉझिटिव्ह राहिलं की बरं होतं" हे प्लीज नका म्हणू. मग ज्या दिवशी मी रडते त्या दिवशी मला वाटतं की मीच माझा आजार वाढवतेय.

पायवाट

तिसरी_खिडकी, रडण्याने गाठ वाढत नाही. हे डॉक्टरांना विचार, त्यांच्या तोंडून ऐक. लक्षात न राहणं पुष्कळ जणांना होतं, आणि बहुतेकांचं हळूहळू सुधारतं. पेपरला जास्त वेळ मागता येतो, मागायला संकोच करू नकोस. तुझ्या शेवटच्या वाक्यावर मी फार वेळ थांबलो.

बाकावरचा

माझा मित्र ॲडमिट आहे. आम्ही एका बाकावर बसतो. मला काय लिहावं कळत नाही म्हणून मी लिहिलंच नाहीये. चुकीचं बोललो तर?

तिसरी_खिडकी

लिही. वर्गात कोण कोणावर चिडलं ते लिही, सर काय म्हणाले ते लिही. तब्येत रोज नको विचारूस. त्याने उत्तर नाही दिलं तरी दुसऱ्या दिवशी परत लिही. ट्रिपला जाताय तर त्यालाही विचारा. नाही म्हणू दे त्याला, पण विचारा.

स्टेथोस्कोप

मुलांच्या कॅन्सरवर उपचार करणारा डॉक्टर आहे. सर्वसाधारण माहिती देतो. प्रत्येक मुलाचं वेगळं असतं, त्यामुळे निर्णय आपल्याच डॉक्टरांशी बोलून घ्या.

अंगणवेल, गोळ्या चुकवणं या वयात फार दिसतं, आणि ते गंभीर आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, मेंटेनन्समध्ये ठरलेल्या सिक्स-एमपीपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त दिसलं होतं. म्हणजे महिन्यात दोन-तीन गोळ्यांनीही फरक पडू शकतो. हे त्याला धाक म्हणून नको, मोठ्या माणसाला सांगतात तसं डॉक्टरांनी थेट सांगावं, तुम्ही बाहेर थांबा. तो बरा वाटत असताना गोळी का घ्यायची, हे त्याला बहुधा कोणी नीट समजावलेलं नसतं. दिसत नसलेल्या पेशींसाठी ती गोळी असते. वेळ त्याला ठरवू द्या. दिवसाच्या ज्या वेळी त्याला आजाराची आठवण सगळ्यात कमी टोचते ती वेळ. गोळी घेताना कोणीतरी समोर असावं, पण पहारा म्हणून नव्हे.

स्टिरॉइड घेणाऱ्या किशोरवयीन मुलांत खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन हाड खराब होण्याचा धोका लहान मुलांपेक्षा जास्त असतो. तो लंगडायला लागला किंवा मांडीच्या सांध्यात दुखतंय म्हणाला तर "थकलाय" म्हणून सोडू नका. आणि स्टिरॉइडचा राग हा औषधाचा परिणाम आहे, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. त्याला स्वतःलाही.

तिसरी_खिडकी, पायवाट बरोबर सांगतात. रडल्याने लिम्फोमा वाढत नाही. केमोचा परिणाम तुझ्या मूडवर अवलंबून नाही. रडू सतत येत असेल, झोप उडाली असेल, काहीच नकोसं वाटत असेल तर मात्र टीमला सांग. त्यावरही उपचार आहेत आणि तेही उपचारांचाच भाग आहेत.

नवखा_बाबा

नमस्कार. मुलगा पंधरा वर्षांचा, हाडाचा कॅन्सर, आठवडाभरात केमो सुरू करायची म्हणतात. धागा वाचून एक विचारायचंय, संकोच वाटतो. कोणीतरी म्हणालं की केमोमुळे पुढे मूल होण्यात अडचण येते. आत्ता जीव वाचवायचा की हे बघायचं? आणि पंधरा वर्षांच्या मुलाशी हे बोलायचं कसं?

स्टेथोस्कोप

दोन्ही बघायचं, आणि केमोच्या आधी बघायचं. आयफॉस्फामाइड, सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांनी पुढे शुक्राणूंच्या निर्मितीवर परिणाम होऊ शकतो. तो वयात आला असेल तर वीर्य गोठवून ठेवता येतं, एक-दोन दिवसांचं काम आहे, त्याने केमो सहसा लांबत नाही. मुलींसाठी बीजांडं किंवा अंडाशयाचा तुकडा गोठवण्याचे पर्याय असतात, बीजांडांना साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून आजाराची घाई बघून ठरवावं लागतं. डॉक्टरांनी स्वतःहून विषय काढायला हवा, पण गडबडीत राहून जातो. तुम्ही विचारा, आजच. मुलाशी आधी डॉक्टरांनी एकट्याने बोललं तर त्याला सोपं जातं. बापासमोर तो मान खाली घालून "नको" म्हणेल आणि विषय संपेल.

हृदयाची तपासणी आणि ऐकण्याची चाचणी उपचारापूर्वी होते ना, तेही विचारा. आधीचा रिपोर्ट हाताशी असला तर पुढे फरक कळतो. उपचार संपल्यावरही वर्षानुवर्षं फॉलोअप लागतो.

रात्रपाळी

नवखा_बाबा, कानांच्या चाचणीचं नक्की विचारा. पायवाट यांनी लिहिलंय तसं, मुलं स्वतःहून सांगत नाहीत.

अंगणवेल

थोडं कळवते. मी बाहेर थांबले, डॉक्टर आणि तो अर्धा तास बोलले. गोळीची वेळ त्याने झोपायच्या आधीची घेतली, आणि समोर मी नको, आजी हवी म्हणाला. मला जरा लागलं. पण आजीने लगेच मान हलवली. बटणांसाठी फिजिओंनी हाताचे व्यायाम दिलेत, तोवर टी-शर्ट.

नवखा_बाबा

आज डॉक्टरांशी बोललो. विषय मी काढला. ते म्हणाले बरं झालं विचारलंत, आणि मला बाहेर जायला सांगितलं. मुलगा बाहेर आला तेव्हा कान लाल झाले होते, पण ठीक होता. म्हणाला, "उद्या सकाळी जायचंय, आईला काय ते तुम्ही सांगा." मग मला पायाचं ऑपरेशन कसं असतं ते विचारायला लागला. मी म्हटलं मला माहीत नाही, उद्या तूच विचार. त्याने फोनमध्ये प्रश्न लिहून ठेवलेत, माझ्याहून जास्त आहेत.

पायवाट, तुमची हरकत नसेल तर त्याला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही लिहिलेलं त्याने वाचलंय.

पायवाट

हरकत कसली. व्यक्तिगत निरोपातून नंबर पाठवतो. त्याला म्हणावं, काहीही विचार, आणि रात्री विचारलंस तरी चालेल.